खडूची केबिन

मुकादमाला मुकादम म्हणायला पहिल्यांदा त्याच्या बायकोनेच सुरुवात केली, आणि तीही टोमण्याने. सामान हलवणाऱ्या कंपनीत हाताखाली माणसं मिळाली त्या दिवशी तो घरी येऊन चहाच्या कपबशीलाही हुकूम सोडायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "मुकादम, हे गोदाम नाही. इथे मी आहे." नाव चिकटलं. हमालांनी उचललं, मालकाने उचललं, पुढे शेजारपाजारही तेच म्हणायला लागला, आणि त्या हिशेबाने ती स्वतः मुकादमीण झाली. टोमणा मारणाऱ्याला व्याज भरावं लागतं ते असं.

लोकांची घरं हलवता हलवता आपल्याला माणसं कळायला लागली आहेत, असा मुकादमाचा समज होता. तो अगदीच खोटा नव्हता. घर बदलताना माणूस जेवढा उघडा पडतो तेवढा डॉक्टरपुढेही पडत नाही. कोणत्या नवराबायकोचे खोके एकत्र बांधायचे आणि कोणत्यांचे वेगळे, हे मुकादमाला दारातच कळे. कोणती म्हातारी तुटक्या खुर्चीसाठी जीव टाकील आणि नव्या टीव्हीकडे बघणारही नाही, हेही कळे. फक्त स्वतःच्या घरात शिरताना तो हा चष्मा बाहेर चपलांशी काढून ठेवत असे. बहुतेक शहाणी माणसं असंच करतात, म्हणून तर त्यांचे संसार चालतात. कधी कधी मोडतातही त्यामुळेच.

त्याची कामाची एक रीत होती. गिऱ्हाइकाचं नवं घर तो आधी जाऊन मोजून यायचा आणि गोदामाच्या फरशीवर खडूने जसंच्या तसं काढायचा. भिंती, दारं, दार कुठल्या बाजूला उघडतं त्याची कमान, खिडक्या, सगळं. मग त्या खडूच्या घरात रिकामे खोके मांडून बघायचा, की कपाट बसतंय का, पलंग वळतोय का. हमाल हसायचे. पण मुकादमाच्या गाडीतून उतरलेलं कपाट कधी दारात अडकून पडलं नाही, आणि कोणा बाईला 'आता हे ठेवू कुठे' म्हणून रस्त्यात रडावं लागलं नाही. घर आधी फरशीवर मांडलं की पुढे ते बिघडत नाही, असा त्याचा सिद्धांत होता.

या वेळी त्याने फरशीवर घर काढलं ते गिऱ्हाइकाचं नव्हतं. ती तळ्याकाठची लाकडी केबिन होती. मागे एकदा केबिनवाल्याकडे नव्या खाटा पोचवायला तो गेला होता, आणि सवयीने खिशातला टेप काढून सगळी केबिन मोजून आला होता. केबिनवाला म्हणाला होता, "विकत घेताय काय?" मुकादम म्हणाला होता, "नाही हो, हात शिवशिवतात." तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं की हे माप घरच्याच माणसांसाठी लागणार आहे.

ते का लागलं, ते सांगायचं तर भिंगरीचं सांगावं लागतं.

भिंगरी ही थोरली लेक. लहानपणी एका जागी म्हणून ठरायची नाही, घरभर गोल गोल फिरायची, म्हणून भिंगरी. तिचं लग्न झालं आणि त्याच आठवड्यात मुकादमाने तिची खोली बांधायला काढली. बायको म्हणाली, "अहो, राहू द्या की थोडे दिवस. पोरगी आत्ता गेली."

"रिकामी जागा ठेवली की तिथे कचरा साठतो," मुकादम म्हणाला. गोदामाचं छप्पर गळत होतं आणि सामानाला गुंडाळायची जाड ब्लँकेटं ठेवायला कोरडी जागा नव्हती. त्याने लेकीच्या वस्तू अशा बांधल्या, की बघणाऱ्याने बघत राहावं. आरसा तीन पदरी, बाहुल्या कापसात, दिव्याची झालर पुठ्ठ्याच्या नळीत. सगळं गोदामाच्या कोरड्या कोपऱ्यात गेलं, आणि खोलीत छतापर्यंत ब्लँकेटं आली. त्यात प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? कापसावर कापूस होता. पण प्रेम खोक्यात होतं आणि खोली गेली होती.

वर्ष-सव्वा वर्षात ते लग्न मोडलं. चूक कोणाची याचा हिशेब इथे नको. दोन्हीकडची माणसं आपापल्या बाजूची बेरीज अजून करतायत. एका दुपारी भिंगरी एक बॅग घेऊन आली, कोणाशी न बोलता सरळ आपल्या खोलीकडे गेली, दार ढकललं, तर ते अर्धंच उघडलं. आत ब्लँकेटं. तिने त्या ब्लँकेटांकडे बघितलं, मग बापाकडे. मुकादमाला त्या क्षणी हजार गोष्टी सुचायला हव्या होत्या. तो म्हणाला, "सीझन चालू आहे गं. जरा ओसरला की काढतो."

"हो," ती म्हणाली.

काही रात्री ती हॉलमधल्या सोफ्यावर झोपली. मग नोकरदार बायकांच्या वसतिगृहात तिने स्वतःच खाट बघितली आणि गेली. ती गेली त्याच संध्याकाळी मुकादमाने खोली रिकामी केली. बैल गेला आणि झोपा केला. आरसा त्याच खिळ्यावर, टेबल त्याच कोपऱ्यात, झालरसुद्धा पूर्वीसारखी थोडी वाकडी. पुढे केव्हातरी भिंगरी आली, उंबऱ्यातूनच आत बघून म्हणाली, "छान लावलंय." आणि हॉलमध्ये येऊन खुर्चीच्या कडेला बसली, पर्स मांडीवर घेऊन.

त्याला आता दोन वर्षं होत आली. ती यायची, नाही असं नाही. चहा घ्यायची, आईच्या गुडघ्याची चौकशी करायची, पर्स मांडीवरून खाली ठेवायची नाही, आणि तासाभरात "निघते" म्हणायची. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवून 'कसं वाटतंय? टोचत नाही ना?' असं मऊ आवाजात विचारायचं काम. मुकादमाला हळूहळू जाणवलं, की घरी येऊन ती बोलते तो आवाज त्या दुकानातलाच आहे.

एका सकाळी दाढी करता करता तो बायकोला म्हणाला, "तळ्याकाठी जाऊ. आपण चौघं. दोन-तीन रात्री."

मुकादमीण भांडी विसळत होती. ती थांबली. "आपण? लग्नानंतर तुम्ही मला बाजारापलीकडे कुठे नेलंय?"

"तिथे कोणाचीच खोली नाही," मुकादम आरशात बघत म्हणाला. "सगळेच पाहुणे. मग पाहुण्यासारखं बसायला कोणाला कारणच उरत नाही."

बायकोने त्याच्याकडे असं बघितलं, जणू बऱ्याच वर्षांनी तिला त्याच्या डोक्यात काहीतरी हललेलं दिसलं होतं. ती म्हणाली, "ती येईल?"

"तू विचार. मी विचारलं तर दुकानातल्या आवाजात नाही म्हणेल."

मुकादमिणीने फोन केला. भिंगरी म्हणाली, येईन, पण शेवटच्या दिवशी पहाटेच निघावं लागेल, दुकान मलाच उघडायचं असतं. मुकादमीण फोन ठेवून पदराला डोळे पुसत म्हणाली, "येते म्हणाली." पहाटेचं तिने नंतर, जाता जाता सांगितलं. मुकादमाने ते नीट डोक्यात ठेवलं. कामाची गोष्ट तो कधी विसरत नसे.

पुढचे दिवस तो माणूस पार बदलला. हमालांना विचारायचा, "तळ्याकाठी संध्याकाळी गार होतं काय रे?" हमाल म्हणायचे, "मुकादम, तळ्यालाच विचारा." घरी मुकादमीण स्वेटर उन्हात टाकायची, काढायची, परत टाकायची. धाकटा मुलगा कंपनीचीच गाडी चालवायचा. बोलायला लागला की थांबायचा नाही, म्हणून त्याला सगळे गियर म्हणत. तो म्हणाला, "बाबा, आपण सहलीला चाललोय की सामान घेऊन कायमचे?" पण रात्री गाडी धुताना तोही शीळ घालत होता.

आणि रविवारी, गोदाम बंद असताना, मुकादमाने सगळ्यांना तिथेच बोलावलं. केबिन बघायला.

भिंगरी आली ती सगळ्यात शेवटी. गोदामाच्या मोठ्या शटरखालून वाकून आत आली आणि उभीच राहिली. मधली फरशी झाडून, पुसून लख्ख केलेली होती, आणि तिच्यावर पांढऱ्या खडूत अख्खी केबिन. आतली मोठी खोली, शेजारची छोटी खोली, पुढचा हॉल, चुलीचा कट्टा, ओटी. ओटीच्या पलीकडे मुकादमाने निळ्या खडूने तळंही काढलं होतं. हा खडू त्याने खास आणला होता. गिऱ्हाइकाला त्याने आजवर कधी तळं काढून दिलं नव्हतं.

"बाबा, यात मासे राहिले," गियर म्हणाला, आणि भिंतीवरून पाय टाकून आत आला.

"अरे बैला, दारातून ये! भिंतीतून कोण येतं?"

"खडूची भिंत आहे, बाबा."

"म्हणून काय झालं? बाहेर जा. दारातून ये. आणि चपला ओटीवर."

गियर निमूटपणे बाहेर गेला, ओटीवर चपला काढल्या, नसलेल्या दाराची नसलेली कडी वाजवली आणि म्हणाला, "कोणी आहे का घरात?" मुकादमीण चुलीच्या चौकोनात उभी होती. ती म्हणाली, "नाही रे बाबा, पुढच्या घरी बघ, इथे आधीच भाकरीला तोटा आहे." आणि भिंगरी हसली. ते दुकानातलं हसू नव्हतं. लहानपणी हसायची तसं, नाकातून आवाज काढत. हसता हसता तिने खांद्यावरची पर्स काढली आणि शेजारच्या खोक्यावर ठेवली.

मुकादमिणीने ते बघितलं आणि नवऱ्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की तो कळवळला. पण त्यानेही बघितलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा पर्स खाली ठेवली गेली होती.

मग काय विचारता! मुकादमाच्या अंगात वारंच शिरलं. त्याने भिंगरीला घर दाखवलं. ही खिडकी, इथून सकाळी ऊन येतं. इथे पायरी आहे, ठेच लागेल, सांभाळ. या फळीचा आवाज येतो, मी बघितलंय. भिंगरीही त्याच्या मागोमाग फिरत होती, पायरीवर खरंच पाय उचलून टाकत होती. ओटीवर जाऊन ती निळ्या खडूच्या काठाशी बसली आणि म्हणाली, "पाणी गार असेल ना, बाबा?"

"बर्फ," मुकादम म्हणाला. "पण तू पाय घालशील. मला ठाऊक आहे."

"मी घालीनच," ती म्हणाली.

मुकादमिणीने थर्मासमधला चहा ओतला, पाव आणि उकडलेली अंडी काढली. चौघं खडूच्या हॉलमध्ये बसून जेवले. कोणी मोठं काही बोललं नाही. गियरने एक अंडं तळ्यात टाकायचं नाटक केलं आणि आईचा धपाटा खाल्ला. संसारात काही क्षण असे येतात, की त्यात काहीच घडत नाही, आणि पुढे माणूस जन्मभर त्यांच्याकडेच वळून बघत राहतो. फक्त ते चालू असताना कोणाला ओळखता येत नाहीत. मुकादमाला तर मुळीच आले नाहीत. तो घाईत होता. त्याला अजून मुख्य गोष्ट दाखवायची होती.

"चला," तो हात झटकत उठला. "आता कोण कुठे झोपणार ते बघा. म्हणजे तिथे गेल्यावर गोंधळ नको."

त्याने रात्री जागून खाटाही काढल्या होत्या, प्रत्येकाच्या मापाच्या. आतल्या खोलीत मोठी खाट. ती नवराबायकोची, मुकादमिणीला रात्री उठावं लागतं आणि न्हाणीघर तिथूनच जवळ. छोट्या खोलीत एक खाट, ती गियरची.

"मला स्वतंत्र खोली?" गियर म्हणाला. "बाबा, मी वयात आलो म्हणायचं."

"तू घोरतोस म्हणून. दार लावून घ्यायला नको?"

"आणि माझी?" भिंगरी म्हणाली.

मुकादमाने तिला हॉलमध्ये आणलं. दाराच्या अगदी लगत, जिथे दाराची कमान संपत होती तिथून चार बोटं सोडून, एक अरुंद चौकोन होता. त्याने मोठ्या कौतुकाने तो दाखवला.

"घडीची खाट आहे, पण चांगली आहे. मी स्वतः पोचवलीये, स्प्रिंग बघून. इथे."

भिंगरी त्या चौकोनात जाऊन उभी राहिली. तिची एक टाच दाराच्या रेषेला लागत होती. मुकादमाला वाटलं, तिला पटलं. आणि पटलेल्या गिऱ्हाइकाला तो नेहमी कारणही समजावून सांगत असे.

"काय आहे, तू शेवटच्या दिवशी पहाटे निघणार. आतल्या बाजूला झोपलीस तर सगळ्यांच्या अंगावरून यावं लागेल, तुलाही अवघड, आम्हालाही जाग. आमच्या धंद्यात नियमच आहे ना. जे आधी उतरायचं ते दाराजवळ लावायचं. म्हणजे कसं, कोणाला हलवावं लागत नाही."

चुलीच्या चौकोनात थर्मासचं झाकण लावता लावता मुकादमिणीचा हात थांबला. तिने लेकीकडे बघितलं. हॉल, घडीची खाट, दाराजवळ. तिला सोफा दिसला. सोफ्यावरच्या त्या रात्री दिसल्या. तिने तोंडावर पदर धरला. नवऱ्याने मात्र आपलं काम चोख केलं होतं आणि तो शाबासकीची वाट बघत उभा होता. एकूण एक कारण बिनतोड होतं. बायकोचे गुडघे खरे, गियरचं घोरणं खरं, पहाटेची गाडी खरी. खोडून काढायला कुठे जागाच नव्हती. म्हणून तर काही उपाय नव्हता.

भिंगरी खाली बघत म्हणाली, "बाबा, आणि मी आधी निघाले नाही तर?"

"म्हणजे?"

"मला रजा मिळाली. काल. पूर्ण. मी आज तेच सांगायला आले होते."

छपरावरून एक कावळा चालत गेला.

त्या क्षणी मुकादमाने काय करायला हवं होतं, हे तुम्हाआम्हाला कळतं. तिथेच खाली बसायचं, तिचा हात धरायचा, आणि दोन वर्षांपूर्वी ब्लँकेटांसमोर जे बोलायचं राहिलं ते बोलायचं. पण माणूस घाबरला की त्याला जे येतं तेच तो करतो. पोहता येणारा पोहतो, रडता येणारा रडतो. मुकादमाला हलवता येत होतं.

"अगं मग हलवू!" तो म्हणाला. "हलवायला काय लागतं! ते तर आपलं कामच!" आणि गुडघ्यावर बसून त्याने तळहाताने तिची खाट पुसायला सुरुवात केली, ती अजून तिच्यात उभी असताना.

"राहू द्या, बाबा."

"थांब गं. गियर, तू बाहेर ये. हॉलमध्ये. भिंगरी छोट्या खोलीत."

"आलो की," गियर लगेच म्हणाला. "ताई, घे तू खोली. मला काय, मी गाडीतही झोपतो. फक्त वारा लागला की माझं नाक..." तो थांबला, पण सवयीने उशिरा थांबला.

"त्याला सर्दी होते दारात," मुकादमीण धावत आली. "त्याला नको. मी आणि भिंगरी आत झोपतो, मायलेकी. तुम्ही झोपा दारात."

"झोपतो! मी कुठेही झोपतो. पण तू रात्री उठतेस, तिची झोपमोड..."

"मी नाही उठणार."

"उठतेस. मग मोठी खाट इकडे ओढली तर? चुलीच्या बाजूला? नाही, इथून वाट जाते."

तो फरशीवर रांगत होता, एका हातात खडू, दुसऱ्याने पुसत. खाटा सरकत होत्या. एक रेघ पुसली की दुसरी खोटी ठरत होती. गियर म्हणत होता मी खाली झोपतो, बायको म्हणत होती मला झोपच लागत नाही, मी बसून राहीन. तिघंही मनापासून देत होते. कोणी खोली देत होतं, कोणी खाट, कोणी झोप. आणि जो तो जितकं देत होता, तितकं मधोमध उभ्या असलेल्या त्या मुलीला कळत होतं, की या घरात तिच्या आकाराची जागा आधी कोणाच्याच मनात नव्हती. ती आता तिच्यासाठी कापून काढली जात होती, दुसऱ्याच्या अंगातून.

"बाबा," ती म्हणाली. "पुरे."

"झालंच. एवढं त्या केबिनवाल्याचं कपाट नसतं ना मधे..."

"बाबा, मी चिडलेली नाही."

हेच ऐकून मुकादमाचा हात थांबला. कारण ती खरंच चिडलेली नव्हती. चिडली असती तर त्याने झेललं असतं. बोलून घे म्हणाला असता, वर दोन शिव्याही खाल्ल्या असत्या. पण तो आवाज मऊ होता. 'टोचत नाही ना?' विचारणारा.

नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला. केबिनवाला होता. तळ्याच्या पलीकडच्या काठावर फोनला आवाज धड मिळत नसे, त्यामुळे तो नेहमी ओरडूनच बोलायचा. साऱ्या गोदामाला ऐकू आलं.

"मुकादम! बिछाने आज होडीतून आणून ठेवतो! नक्की किती जण ते सांगा! नंतर बदललं तर मला जमायचं नाही!"

मुकादम गुडघ्यावर बसलेला होता. त्याने वर बघितलं. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला गियर, आणि समोर भिंगरी.

"चार," तो म्हणाला.

"बाबा," भिंगरी हळूच म्हणाली. "तो बिचारा एक बिछाना उगाच होडीतून वाहून आणील."

"तू येतेस," मुकादम फोनवर हात ठेवून म्हणाला. तो हुकूम होता की विनवणी, ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. "रजा मिळालीये तुला."

"मिळालीये."

"मग?"

ती थोडा वेळ शोधत राहिली. खोटं बोलायचं की खरं, असं नव्हे. कोणत्या शब्दाने कमी लागेल, ते शोधत होती. गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगताना शोधत असेल तसं.

"मला तिथे झोप नाही लागायची, बाबा. तुम्ही सगळे इतकी काळजी घ्याल, की मला सारखं वाटत राहील, कोणाच्या जागेवर झोपलेय. इथे वसतिगृहात माझी खाट बारकी आहे. पण ती माझीच आहे. मी हलले नाही तर ती कोणी हलवत नाही." मग तिने फोनकडे मान केली. "तीन सांगा त्यांना."

"हॅलो! हॅलो!" केबिनवाला ओरडत होता. "किती? आवाज येत नाही! तीन की चार?"

मुकादमाने बायकोकडे बघितलं. ती काहीतरी म्हणेल, रडेल, पोरीला धरेल, असं त्याला वाटलं. मुकादमीण पदर तोंडात धरून उभी होती, आणि तिचे डोळे नवऱ्यावर होते. त्यात राग असता तरी बरं झालं असतं. ती फक्त बघत होती, जसं घर रिकामं झाल्यावर बाया शेवटचं वळून भिंतींकडे बघतात.

"तीन," मुकादम म्हणाला.

"तीन! ठीक!" फोन बंद झाला.

भिंगरीने पर्स उचलली. आईच्या गालाला गाल लावला. गियरच्या डोक्यात टपली मारली. बापाला वाकून म्हणाली, "उठा, गुडघे धरतील." त्याचा दंड धरून तिने त्याला उठवलंही. त्याच्या हाताचा निळा-पांढरा खडू तिच्या बाहीला लागला, तो तिने झटकला नाही. "फोटो पाठवा तळ्याचे," ती म्हणाली, आणि निघाली. जाताना ती दारातून गेली. खडूच्या दारातून, नीट, ओटीवरून, पायरी उतरून. तिने बापाचं घर शेवटपर्यंत मानलं.

शटरखालून ती वाकून बाहेर पडली आणि उन्हात दिसेनाशी झाली.

बऱ्याच वेळाने गियर म्हणाला, "बाबा, रद्द करू या का? सांगतो मी त्याला."

"सांगितलंय आपण," मुकादम म्हणाला. "बिछाने आणायला होडी गेली असेल."

"मग आपण तिघं जायचं?" मुकादमीण म्हणाली. "जाऊन करायचं काय? एकमेकांची तोंडं इथेही दिसतात."

मुकादम पुन्हा खाली बसला होता. पुसापुशीत फरशीवर खडूचा राडा झाला होता. त्याने फडक्याने ती स्वच्छ केली आणि सवयीने पुन्हा रेघा मारल्या. आत मोठी खाट, छोट्या खोलीत गियर. हॉल मोकळा. आता काहीच अडत नव्हतं. दार पूर्ण उघडत होतं, वाट सरळ जात होती, कोणाला कोणाच्या अंगावरून जावं लागत नव्हतं, कोणाला सर्दी होणार नव्हती, कोणाची झोप मोडणार नव्हती. इतका बिनचूक नकाशा त्याच्या हातून आजवर उतरला नव्हता.

तो तसाच बघत बसला. गियर शटर ओढायला गेला. मुकादमीण उरलेली अंडी फडक्यात बांधत होती. तिने एकदा विचारलं, "झालं का तुमचं?" मुकादमाने मान हलवली. झालं होतं. तिघांना त्या केबिनमध्ये जागाच जागा होती.